'ईआर'चा तो गाजलेला भाग आणि पुरुषोत्तमची एकांकिका : कॅज्युअल्टी खरी वाटायला काय काय लागतं?

तिसरी_घंटा
मंडळी, यंदा पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेला कॅज्युअल्टीत घडणारी एकांकिका करायचं घाटतंय. नमुन्यासाठी 'ईआर' या अमेरिकन मालिकेतला 'लव्हज लेबर लॉस्ट' हा भाग समोर ठेवलाय. पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात:

पहिल्या सीझनमधला भाग, एनबीसीवर 9 मार्च 1995 ला दाखवला गेला. शिकागोतलं काल्पनिक काउंटी जनरल हॉस्पिटल. दिवस भरत आलेली जोडी ओब्रायन लघवीची तक्रार घेऊन येते. डॉ. मार्क ग्रीन मूत्रमार्गाचा संसर्ग समजून औषध देतो आणि घरी पाठवतो. थोड्याच वेळात ती झटके येऊन परत येते. प्रसूतितज्ज्ञ वेळेवर मिळत नाहीत, बाळंतपण तिथेच करायचं ठरतं. डोकं बाहेर येतं, खांदे अडकतात, शेवटी कॅज्युअल्टीतच पोट उघडावं लागतं. बाळ वाचतं, आई जाते. लेखक लान्स जेंटिल हा स्वतः इमर्जन्सीचा डॉक्टर, दिग्दर्शन मिमी लेडरचं. दोघांनाही त्या वर्षीचं एमी पारितोषिक मिळालं.

प्रश्न असे: हे वैद्यकीयदृष्ट्या कितपत बरोबर आहे? हेच आज पुण्यात घडलं तर काय वेगळं होईल? आणि रंगमंचावर आणायचं कसं? आमच्या दिग्दर्शकाचं मत आहे की सगळे जोरात ओरडले की इमर्जन्सी वाटते. मला ते पटत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कळवळा
उत्तम धागा. आधी तो पहिला चुकलेला निर्णय बघू, कारण अख्खा भाग त्यावर उभा आहे.

दिवस भरत आलेल्या बाईला वारंवार लघवीला होणं ही ओपीडीतली सगळ्यात मामुली तक्रार. बाळाचं डोकं खाली उतरलं की मूत्राशयावर दाब येणारच. लघवीच्या पट्टीवर थोडं प्रोटीन दिसलं तरी संसर्गातही ते दिसू शकतं. म्हणजे डॉ. ग्रीन बेफिकीर नाही, दहातल्या नऊ बायकांच्या बाबतीत बरोबर ठरेल तेच उत्तर तो देतो. तुमच्या संहितेत डॉक्टर मोबाइलवर गप्पा मारता मारता पेशंट घालवतोय असं काही असेल तर आधी ते काढा. खलनायक सापडला की प्रेक्षक सुटतो, त्याला पुढे काही सोसावं लागत नाही.

चुकतं कुठे ते सांगते. 20 आठवड्यांनंतर बीपी 140/90 किंवा त्याहून जास्त, चार तासांच्या अंतराने दोनदा, आणि सोबत लघवीतून प्रोटीन जाणं, याला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात, आणि यातूनच पुढे झटके येऊ शकतात. 160/110 आलं तर चार तास वाट बघायची नसते, काही मिनिटांत पुन्हा मोजून औषध सुरू करायचं. आणि तीन प्रश्न विचारायचेच: डोकं दुखतंय का, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधारी येते का, छातीच्या खाली पोटाच्या वरच्या भागात दुखतं का. तिसऱ्याला घरोघरी ॲसिडिटी म्हणून जिरं-ओवा दिला जातो, आणि तिथेच वेळ जातो.

बीपी मोजण्यातही गोची होते. जिना चढून आल्या आल्या मोजलं किंवा जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा वर जातो. हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून एखादं वाढलेलं बीपी 'घाबरली असेल' म्हणून सोडून दिलं जातं आणि पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजायचं राहून जातं. स्टेजवर हे एका वाक्यात बसेल. सिस्टर विचारते, "पुन्हा घेऊ का बीपी?" आणि तेवढ्यात दारातून दुसरी ट्रॉली आत येते. उत्तर कोणी देतच नाही.

पर्वतीकर
वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न: झटके आले की तोंडात चमचा घालायचा असतो ना? सिनेमात तरी तसंच दाखवतात.

सिस्टर_इनचार्ज
चमचा नाही, कांदा नाही, चप्पल तर नाहीच. दात तुटतात, चमचा मागे सरकतो, श्वासाची वाट बंद होते. हात-पाय दाबूनही धरायचे नाहीत. डाव्या कुशीवर वळवायचं, तोंडातली लाळ सक्शनने ओढायची, मास्कने ऑक्सिजन मिनिटाला 8 ते 10 लिटर, ट्रॉलीचे दोन्ही कठडे वर. झटका बहुतेक वेळा मिनिट-दीड मिनिटात आपला आपणच थांबतो. पहिले 15-20 सेकंद अंग ताठ, जबडा घट्ट, श्वास थांबलेला, चेहरा निळसर. मग लयीत झटके. नंतर घोरल्यासारखा श्वास आणि गुंगी. तुमच्या अभिनेत्रीने हा क्रम पाळला तरी पुरे. नुसतं थरथरत राहिलं की थंडी वाजल्यासारखं दिसतं.

झटका थांबला की खरं काम सुरू होतं. औषध मॅग्नेशियम सल्फेट, बोलताना मॅगसल्फ. आपल्याकडे 50 टक्क्यांची 2 मिलीची अ‍ॅम्प्यूल मिळते, एकात 1 ग्रॅम. पहिले 4 ग्रॅम शिरेतून: चार अ‍ॅम्प्यूल म्हणजे 8 मिली, त्यात 12 मिली सलाइन घालून 20 मिली करायचं आणि किमान पाच मिनिटं घेत हळू द्यायचं. घाईत ढकललं तर श्वास मंदावतो. मग प्रत्येक कुल्ल्यात खोल स्नायूत 5 ग्रॅम, म्हणजे पाच-पाच अ‍ॅम्प्यूल, त्याच सिरिंजमध्ये 1 मिली लिग्नोकेन, कारण इंजेक्शन भयंकर दुखतं. एकूण चौदा अ‍ॅम्प्यूल. पुढे दर चार तासांनी 5 ग्रॅम, एकदा एका बाजूला, एकदा दुसऱ्या. पुन्हा झटका आला तर आणखी 2 ग्रॅम शिरेतून.

पुढचा प्रत्येक डोस देण्याआधी तीन गोष्टी बघायच्या: गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला 16 च्या खाली गेला नाही ना, चार तासांत लघवी किमान 100 मिली झाली का. मॅगसल्फ मूत्रपिंडातून बाहेर जातं, लघवी कमी झाली की ते अंगात साठतं. म्हणून ट्रेमध्ये कॅल्शियम ग्लुकोनेट 10 मिली भरून तयार ठेवलेलं असतं. तो उतारा.

चौदा अ‍ॅम्प्यूल फोडायला एकट्या सिस्टरला बराच वेळ लागतो. गळ्याशी गॉझ धरायचा, टक् करून मोडायचं, सुई आत, ओढायचं, पुढची घ्यायची. बाकी सगळे बोलत असताना मागे हा आवाज चालू राहू द्या.

विंगेतून
सिस्टर, चौदा वेळा 'टक्' ही तर तयार ध्वनियोजना झाली! दिग्दर्शकाचं ओरडणं इथेच बाद. खऱ्या अ‍ॅम्प्यूल मात्र स्टेजवर नकोत, काचा पायात जातील, आणि अंधारात प्रॉपर्टी उचलणाऱ्या पोरांच्या हातात. आवाज विंगेत माइकजवळ काढा, सिस्टरचं काम करणारीने फक्त हालचाल जुळवायची.

कळवळा
अवांतर, पण रंजक: तो भाग मार्च 1995 चा. मॅगसल्फ अमेरिकेत आधीपासून वापरात होतं, पण डायझेपाम आणि फेनिटॉइन या झटक्यांवरच्या दुसऱ्या औषधांपेक्षा ते सरस आहे हे ठामपणे दाखवणारी मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली त्याच वर्षी जूनमध्ये. तिच्यात भारतातली केंद्रंही होती. पुन्हा झटका येण्याचं प्रमाण डायझेपामच्या तुलनेत 52 टक्क्यांनी आणि फेनिटॉइनच्या तुलनेत 67 टक्क्यांनी कमी निघालं.

आता खांदे. डोकं बाहेर येतं आणि लगेच कासवासारखं मागे ओढलं जातं, गाल योनीमुखावर दाबले जातात. डोक्यानंतर अंग बाहेर यायला 60 सेकंदांपेक्षा जास्त लागले की धोक्याची घंटा. यावेळी पहिलं काम म्हणजे कोणीतरी घड्याळ बघून वेळ मोठ्याने सांगायची. मग बाईच्या दोन्ही मांड्या पोटाकडे पूर्ण दुमडायच्या, याला मॅकरॉबर्ट्स म्हणतात आणि बरीच बाळं एवढ्यानेच सुटतात. सोबत दुसऱ्याने ओटीपोटावर, जांघेच्या हाडाच्या लगेच वर, बाळाच्या पाठीच्या बाजूने तळहाताने दाब द्यायचा. नाहीच जमलं तर हात आत घालून खांदे फिरवायचे किंवा बाळाचा मागचा हात आधी बाहेर काढायचा, नाहीतर बाईला हात-गुडघ्यांवर ओणवं करायचं.

नाटकवाल्यांची हमखास होणारी गफलत इथे आहे: कोणीतरी पोटाच्या वरच्या टोकावर चढून जोर देतो. तसं केलं तर अडकलेला खांदा हाडाखाली आणखी रुततो, गर्भपिशवी फाटण्याची भीती असते. डोकं धरून ओढणं-पिळणंही नको, मानेजवळच्या नसा ताणल्या जाऊन बाळाचा हात लुळा पडतो. प्रेक्षकांत एक तरी डॉक्टर असतोच, भरत नाट्यला तर रांगच असेल.

भूलतज्ज्ञ_नवी_पेठ
मालिकेत पुढे डोकं परत आत ढकलून सिझर करतात ती झावानेली पद्धत. डोकं ज्या क्रमाने बाहेर आलं त्याच्या उलट फिरवायचं, हनुवटी छातीकडे वाकवायची, पिशवी सैल करायला टर्ब्युटालिन द्यायचं, आत ढकलायचं आणि ताबडतोब पोट उघडायचं. पुस्तकात ही शेवटची पायरी आहे, आणि बहुतेक प्रसूतितज्ज्ञांच्या हयातीत ती एकदाही येत नाही. माझं मत: एकांकिकेत हे घेऊ नका. खांद्यापर्यंतचं सगळं प्रेक्षकाला हाताच्या हालचालीतून कळतं, हे कळणार नाही. मग एखाद्या पात्राला समजावून सांगायला लावाल आणि नाटक तिथेच बसेल.

कळवळा
असहमत. समजावून सांगायची गरजच नाही. डॉक्टर म्हणतो, "आत ढकलतोय," आणि सिस्टर त्याच्याकडे नुसती बघते. ते बघणंच सांगतं की हे कोणी करत नाही. ग्रीनचा एकटेपणा त्या क्षणी कळतो, वरून कोणी आलेलं नाही आणि पर्याय संपलेत.

भूलतज्ज्ञ_नवी_पेठ
ते बघणं जमेल अशी नटी असेल तर घ्या. नसेल तर माझं ऐका.

आता मॉनिटर. पल्स ऑक्सिमीटरचा बीप नुसता ठोका सांगत नाही, ऑक्सिजन उतरला की त्याचा स्वर खाली उतरतो. 98 वरून 85 ला येताना सूर पायरीपायरीने खाली जातो. ऑपरेशन थिएटरमधले लोक स्क्रीन न बघताच वळतात ते त्यामुळे. तुमच्या ध्वनिवाल्याला एवढं एक द्या, संवाद वाचतील. बाळाचे ठोके डॉप्लरवर मिनिटाला 110 ते 160, टपटप धावते. ते कळेनंतर 80 वर येऊन वर जायला वेळ घेऊ लागले की प्रेक्षकही श्वास रोखतो.

आणि कृपा करून सरळ रेषेला शॉक देऊ नका. सरळ रेषा म्हणजे हृदयात विद्युत हालचालच नाही, शॉक द्यायचा कशाला? रक्त वाहून गेल्यामुळे थांबलेल्या हृदयात तर बहुतेकदा पडद्यावर ठोके दिसतात पण नाडी लागत नाही. पंप फिरतोय, टाकी रिकामी. तिथे छातीवर दाब, दर 3 ते 5 मिनिटांनी 1 मिलिग्रॅम ॲड्रेनालिन आणि मुख्य म्हणजे रक्त. बाळ अजून पोटात असेल तर पिशवी हाताने डावीकडे सारून धरायची, नाहीतर ती मोठी शीर दाबते आणि छातीवरचा दाब वाया जातो. चार मिनिटांत हृदय परत आलं नाही तर जागेवरच बाळ काढायला घ्यायचं.

दाब मिनिटाला 100 ते 120, खोली 5 ते 6 सेंटिमीटर. जिवंत नटीवर असं केलंत तर बरगडी जाईल. दाबणाऱ्याने प्रेक्षकांकडे पाठ करायची, कोपर किंचित वाकवायचे आणि वजन गादीच्या कडेवर टाकायचं. खांदे हलताना दिसले की पुरतं.

'ईआर', 'शिकागो होप' आणि 'रेस्क्यू 911' या तीन मालिकांतल्या सीपीआरवर, म्हणजे छाती दाबून हृदय पुन्हा चालू करण्यावर, 1996 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल' या वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास आला होता. पडद्यावरचे 67 टक्के पेशंट घरी जाताना दाखवले होते. प्रत्यक्षात त्याच्या आसपासही कोणी नाही. म्हणूनच या भागात आई जाते हे तेव्हाच्या प्रेक्षकाला अंगावर आलं असणार, त्याला सगळे उठून बसायची सवय लागलेली होती.

तिसरी_घंटा
खजिना मिळतोय! पुण्यात आज घडवायचं तर? नवरा कुठे असेल? मालिकेत तो शेवटी बाळापाशी असतो.

लालपेशी
पुण्यात नवरा रक्तपेढीत असेल. आपल्याकडचा सीन तिथेच आहे.

घडतं असं. वार (प्लासेंटा) बाळाच्या आधीच सुटलेली, आत रक्तस्राव, रक्त गोठणं बंद. सिस्टर नमुन्याची बाटली आणि मागणीचा फॉर्म नवऱ्याच्या हातात देतात: "पळा." रक्तपेढी त्याच इमारतीत नसेल तर त्याला स्कूटरवरून जावं लागतं. खिडकीवर पहिली गोष्ट बघितली जाते ती बाटलीवरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव. बाटलीवर लग्नानंतरचं आडनाव आणि फॉर्मवर आधार कार्डावरचं माहेरचं, किंवा बाटलीवर नोंदणी क्रमांकच नाही, की नमुना परत. आडमुठेपणा नाही हा. चुकीच्या गटाचं रक्त गेलं तर तेच जीव घेतं. नवरा मात्र खिडकीशी हुज्जत घालत उभा असतो, तिकडे मिनिटं जातात. म्हणून नियम असा की लेबल बेडजवळ, रक्त काढल्या काढल्या लावायचं, आधीपासून लेबल लावलेल्या बाटल्या ठेवायच्या नाहीत.

नमुना पास झाला तरी पूर्ण क्रॉसमॅचला, म्हणजे दात्याचं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळवून बघायला, पाऊण तास जातो. अगदीच जीवावर आलं तर ओ निगेटिव्ह न जुळवता देतात, पण आपल्याकडे निगेटिव्ह गट शंभरात पाचेक. प्लाझ्मा गोठवलेला असतो, 37 अंशांच्या पाण्यात वितळायला 20 ते 30 मिनिटं. नातेवाइकांना वाटतं फ्रीजमधून काढून द्यायला काय लागतं.

रक्त गोठत नाही हे कळायला प्रयोगशाळेच्या रिपोर्टची वाट बघावी लागतेच असं नाही. 2 मिली रक्त साध्या कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, नळी मुठीत धरायची म्हणजे ऊब राहते. चार मिनिटांनी हळूच तिरपी करून बघायची, मग दर मिनिटाला. सात मिनिटांनीही गाठ धरली नाही किंवा धरलेली लगेच सुटली, तर गोठण्याची यंत्रणा कोलमडली आहे. स्टेजसाठी याहून चांगलं काही मिळणार नाही: एक विद्यार्थी डॉक्टर कोपऱ्यात मूठ मिटून उभा. त्याला दुसरं काही कामच नाही.

विंगेतून
मिटलेली मूठ घ्याच. फोकस नको, कडेच्या उजेडात राहू द्या, प्रेक्षकाला आपली आपण दिसू दे. आणि खिडकी उजव्या कोपऱ्यात फक्त एका चौकटीने दाखवता येते. दोन्हीकडे एकाच वेळी प्रवेश चालू ठेवा: इकडे "किती मिनिटं झाली?", तिकडे "नाव जुळत नाहीये."

कळवळा
लालपेशींना शंभर टक्के अनुमोदन. काळाबद्दल सावध राहा. आज घडतंय असं दाखवलंत तर रक्तस्राव दिसताच ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड 1 ग्रॅम शिरेतून, तीन तासांच्या आत, आलंच पाहिजे. त्याची मोठी चाचणी 2017 ची. पिशवीला बाहेरून आवळणारा बी-लिंच टाका 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रीनकडे यातलं काहीच नव्हतं. आणि कोणाच्याही तोंडी 'मेथर्जिन द्या' घालू नका! रक्तस्रावावरचं ते नेहमीचं इंजेक्शन, पण बीपी वाढलेल्या बाईला ते देत नाहीत. ऑक्सिटोसिन द्या, कार्बोप्रॉस्ट 250 मायक्रोग्रॅम स्नायूतून द्या, दमा नसेल तर.

बाई वेल्ह्याकडून येतेय असं केलंत तर कथा आणखी घट्ट होईल. प्राथमिक आरोग्य केंद्रात मॅगसल्फचा पहिला डोस स्नायूतून, दोन्ही बाजूंना 5-5 ग्रॅम देऊन 108 ने पुढे पाठवतात. पुण्यात पोचल्यावर पहिला प्रश्न: डोस दिला का, किती वाजता? चिठ्ठीवर वेळ नसेल तर इथला डॉक्टर अडकतो. पुन्हा द्यावा तर जास्त होईल, न द्यावा तर पुन्हा झटका. एक कोरी राहिलेली वेळ, तुम्हाला वेगळा खलनायक लागणार नाही.

पर्वतीकर
आणि शेवट? मालिकेत डॉ. ग्रीन लोकल गाडीत एकटा रडतो.

सिस्टर_इनचार्ज
तो शेवट त्यांचा, तुम्ही उचलू नका. इथे डॉक्टरला रडायला वेळच मिळत नाही. नोंदी पूर्ण करायच्या, मृत्यूची वेळ लिहायची, मातामृत्यूची माहिती 24 तासांत वर कळवायची, मावशींना बोलवून सगळं आवरायचं.

नवऱ्याला सांगणं मात्र पूर्ण दाखवा. उभ्या उभ्या, दारात नाही. बसवून, सोबत एक नातेवाईक असू द्या. "तुम्हाला काय काय सांगितलंय आतापर्यंत?" असं आधी विचारतात, म्हणजे तो कुठे आहे ते कळतं. मग एका वाक्यात: "त्यांचा मृत्यू झाला आहे." 'पेशंट सिरियस आहे', 'आमचे प्रयत्न चालू होते' यातून माणूस आशा उचलतो. त्यानंतर डॉक्टरने गप्प राहायचं, घड्याळ बघायचं नाही, बाळाची बातमी लगेच पुढे सरकवायची नाही. आणि त्याच्या हातात रक्ताच्या पिशव्यांचा थर्माकोलचा डबा असेल तर तो कोणीतरी आधी घ्यायला हवा. नाहीतर तो धरूनच बसतो.

तिसरी_घंटा
डबा संहितेत गेला. आता प्रॉपर्टी. ट्रॉली, सलाइनचा स्टँड, ट्रे वगैरे कुठून आणावं?

विंगेतून
हॉस्पिटलची कॉट आणि ट्रॉली भाड्याने मिळते, घरी आजारी माणसासाठी देतात तिथे विचारा. चाकांचे ब्रेक दुकानातच तपासा, ब्लॅकआउटमध्ये ट्रॉली घरंगळली तर प्रवेश संपला. स्टँड, जुने स्टीलचे ट्रे, किडनी ट्रे मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, रविवारी किंवा बुधवारी. मोठं लॅच असलेला ट्रे घेऊ नका, वाजतो.

लालपेशी
हॉस्पिटलमधून वापरलेल्या नळ्या, पिशव्या, सिरिंज अजिबात मागू नका, 2016 च्या नियमांप्रमाणे तो जैववैद्यकीय कचरा आहे, बाहेर देताच येत नाही. नव्या सिरिंज औषधाच्या दुकानातून घ्या आणि सुया काढून टाका. सेटवर कचऱ्याच्या पिशव्यांचे रंग बरोबर ठेवा: नळ्या-हातमोजे लाल, रक्ताचा कापूस आणि वार पिवळ्यात, सुया पांढऱ्या डब्यात, काचेच्या अ‍ॅम्प्यूल निळ्यात.

भूलतज्ज्ञ_नवी_पेठ
आणि ऑक्सिजनचा सिलिंडर काळा, खांदा पांढरा. पूर्ण निळा आणलात तर तो नायट्रसचा. झटका आलेल्या बाईला तुम्ही हसवायचा वायू लावलाय हे पहिल्या रांगेतून लगेच दिसेल.